तिखटावरचं पाणी

तुम्ही भर बाजारात खोटं बोललात. चुकून नाही, जाणूनबुजून. तुम्ही म्हणालात, मथुराबाईनं वजन वाढवायला तिखटात पाणी मारलं, म्हणून ते बुरसलं. आणि तिला जागेवरून उठवलंत. बाजारात कोणाला बसवायचं आणि कोणाला उठवायचं हे तुमच्या हातात आहे, म्हणून सारा गाव तुम्हाला साहेब म्हणतो. मी म्हणणार नाही. मी कौसल्या, मथुराबाईची शेजारीण. त्याच उखळात तिच्यासोबत मुसळ मारते. त्या मिरचीची आग माझ्याही हातांना झाली आहे, म्हणून झालं ते पहिल्यापासून सांगते. मधूनच उठून जाऊ नका. दुसऱ्याला उठवायची सवय आहे तुम्हाला, बसून ऐकायची नाही. आता लावून घ्या.

दीक्षा घेतली त्या सालापासून आमच्या वस्तीनं गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही, गावाचा सांगावा घेऊन पळणार नाही, आणि खळ्यावर पदर पसरायला येणार नाही, असं बाप्यांनी सांगितलं आणि बायांनी पाळलं. गावाला वाटलं, नवा माज आहे, भूक लागली की येतील. भूक लागली. आलो नाही. मग तुम्ही लोकांनी आमच्या बायांना निंदणाला बोलावणं बंद केलं. तुमच्या पऱ्हाटीत तण कमरेला आलं तरी बोलावलं नाही. मथुराबाईचा नवरा भीमराज पुसदच्या सडकेवर गिट्टी फोडायला गेला. घरात मथुराबाई राहिली आणि तिच्या सासूनं ठेवलेलं दगडी उखळ राहिलं.

जमनी आम्हाला सडकेवर भेटली. नाल्यापलीकडच्या धावजी नायकाच्या तांड्यातली ती. डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन ढाणकीहून परत येत होती, आणि दम लागला म्हणून बाभळीखाली बसली होती.

"काहून वं, माल वापस नेऊन राह्यली?" मथुराबाईनं विचारलं.

"नेऊ नाई तं काय करू. व्यापारी म्हनते, मिरची लहान हाय."

"लहान तं लहान. जाळते का?"

"खाऊन पाह्य."

मथुराबाईनं एक मिरची मोडली आणि चावली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, पण तोंडातून शब्द येईना. मी हसायला लागले.

"बोल ना आता," जमनी म्हणाली.

"बोलते. जीभ जागेवर येऊ दे." मग पदरानं डोळे पुसून मथुराबाई म्हणाली, "ही अशी इकू नको. कुटून इक."

"कुटू कुठी? तांड्यात एक उखय, अन् साऱ्या तांड्याची रांग."

"माह्याकडे हाय."

जमनीनं आमच्याकडे नीट पाहिलं. कोणत्या वस्तीतल्या ते तिला कळलं आणि ती बसल्या जागी थोडी मागे सरकली. खोटं कशाला सांगू, सरकली.

"तुमच्या हातचं कोन घेईन?"

"मिरची खुडाले आमचे हात चालते. वाळू घालाले चालते. कुटाले काहून नाई चालत? तिखट काय ओलं हाय का?"

आपल्याकडची रीत तुम्हाला मी सांगायला नको, पण सांगते. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. आमच्या हातांनी कापलेली ज्वारी तुमच्या देवघरापर्यंत जाते. तिच्या पिठात आम्ही पाणी घातलं की ती आमची झाली, तुम्हाला बाटली. आणि आमच्याकडून कोरडी वस्तू घेतली तरी ज्याला फार धर्म आहे तो तिच्यावर आपल्या लोट्यातलं पाणी शिंपडतो, मग ती शुद्ध. पाण्यानंच बाटते आणि पाण्यानंच शुद्ध होते. पाणी कोणाच्या घरचं, एवढाच फरक.

जमनी गोर, म्हणजे तांड्याची. ते लोक आपल्या बाहेरच्या सगळ्यांना कोर म्हणतात. तिच्या हिशोबात तुम्ही कोर आणि आम्हीही कोर, पण आम्ही जरा खालचे कोर. ती आमच्याकडे मिरची घेऊन यायची, अंगणात बसून देठ खुडायची, पाणी मात्र स्वतःच्या तुंब्यातलं प्यायची. तिला सोंग जमत नव्हतं. सरळ म्हणाली, "माही सासू जित्ती हाय तोवर तुमच्या घरचं पानी नाई पेत."

"सासूले सांग, उखयात पानी नसते," मथुराबाई म्हणाली.

मिरची जमनीची, कुटणं आमचं, आणि बाजारात जमनीनं बसायचं असं ठरलं. "तू दिसू नको," ती मथुराबाईला म्हणाली. "तू दिसली का माल दिसत नाई." मथुराबाईनं मान हलवली. पोटात काही नसलं की मान आपोआप हलते.

मिरची कुटणं काय असतं ते तुमच्या घरच्या बायांना विचारा. नाकाला पदर बांधायचा आणि तरी शिंकायचं. हात ताकात बुडवायचे आणि तरी आग जात नाही. आपल्याच डोळ्याला आपलाच हात लावता येत नाही. मथुराबाई मिरची जराशा तेलावर परतून घ्यायची, कुटायची, चाळायची, चाळणीत उरलेलं परत उखळात टाकायची. रंग असा यायचा की पाहूनच तोंडाला पाणी सुटावं. जमनी बाजारात बसली आणि तिखट उठलं. दुसऱ्या बाजारी लोक विचारत आले, तांड्याच्या बाईचं तिखट कुठं आहे. त्याचं नावच पडलं, जमनीचं तिखट. तुमच्या घरी गेलं सालभर तेच होतं.

एका बाजारी मथुराबाई जळतन विकायला म्हणून गेली आणि जमनीच्या मागं उभी राहिली. तुमची आई आली होती. चिमूट जिभेवर ठेवून म्हणाली, "तांड्याच्या बाईच्या हाताले चव हाय हो." जमनीनं मागं वळून पाहिलं नाही. तिला वळवलं नसेल.

मथुराबाई घरी आली आणि उखळाजवळ जाऊन नुसती बसून राहिली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"माह्या हाताची चव तिच्या हाताले लागली."

"लागू दे ना. पैसा तं येते."

"पैसा येते वं. मी नाई येत."

दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे जागा मागायला आली. तुम्ही दिली. तुम्हाला वाटत असेल तो तुमचा मोठेपणा. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे असा सरकारचा कायदा झालेला तुम्हाला ठाऊक होता, नाही म्हणणं अंगाशी आलं असतं, म्हणून दिली. आणि कुठं दिली? रांगेच्या टोकाला, जिथं सगळ्या बाजाराचं सांडपाणी येऊन थांबतं. तुम्ही हसून म्हणालात, "बस, मथुराबाई. जागा मी दिली. घेणारा देणं काही माझ्या हातात नाही."

घेणारा जमनीनं दिला. आपलं टोपलं अर्धं असतानाच ती त्यावर फडकं टाकायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "माहं सरलं. तिकडे शेवटी जा. मिरची माह्याच वावरातली हाय." कोणी म्हणायचं, "ते बाई तं त्या वस्तीतली हाय ना." जमनी म्हणायची, "मिरचीले कुठी जात कळते. ते साऱ्याइले सारखीच झोंबते." काही जण परत फिरले. बरेचसे आले.

आले ते लोटा घेऊन आले. पहिल्याच बाईनं हात भिजवून टोपल्यावर धरला, तेव्हा मथुराबाईनं टोपल्यावर दोन्ही हात आडवे टाकले.

"इथं थेंब पडू देऊ नोका. सारा माल जाईन. घरी नेऊन काय कराचं ते तुमचं तुमी पाहा."

इथं मथुराबाई चुकली. मीही चुकले, मी बाजूलाच होते. घरीसुद्धा शिंपडू नका, असं सांगायला पाहिजे होतं. पण तिखटाला ओला चमचा लावत नाहीत हे शेंबडं पोरगंही जाणतं. कोणी शिकलीसवरली संसारी बाई सालाच्या तिखटावर पाणी घालेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं, माणसाचा धर्म त्याच्या बरणीपर्यंत येऊन थांबत असेल.

बहुतेक घरांत थांबला. सुना शहाण्या निघाल्या. सासूच्या देखत लोटा उचलायचा, बोटं भिजवायची आणि पाणी भलतीकडेच झटकायचं. धर्म राहिला, तिखटही राहिलं. तुमच्या घरी तेवढी शहाणी कोणी नव्हती, किंवा होती आणि तिला बोलायची सोय नव्हती.

ज्येष्ठात तुमची आई मथुराबाईकडून सालाचं तिखट घेऊन गेली. गडी बरोबर होता, त्याच्या हातात गाठोडं आणि आईच्या हातात पितळी लोटा. आम्ही पाहिलं ते एवढंच. नंतर ती दोघं गर्दीत गेली.

मग पाऊसपाणी झालं आणि महालक्ष्म्या आल्या. तुमच्या घरी मोठं जेवण, पुसदचे व्याही आलेले. बरणीचं फडकं सोडलं तर आत पांढरी बुरशी. तरी वरवरचं काढून खालचं भाज्यांत घातलं, कारण ऐन वेळी दुसरं कुठून आणायचं. व्याह्यानं पहिला घास तोंडातून काढून पत्रावळीच्या कडेला ठेवला. हे मी ऐकून सांगते. सारा गाव सांगतो, हसून सांगतो. तुमची लाज गेली हे खरं आहे. पण ती ज्या घरात गेली तिथंच शोधायची होती.

पुढच्या बाजारी तुम्ही आलात. मागं दोन गडी, एकाच्या हातात बरणी. तुम्ही ती मथुराबाईच्या पायाजवळ उपडी केलीत.

"हे काय आहे?"

तिनं वाकून पाहिलं, हातात घेतलं, वास घेतला. "तिखट हाय. माहंच हाय."

"कसं झालं आहे?"

"बुरसलं हाय."

"कशानं बुरसतं?"

"पान्यानं."

तुम्ही लोकांकडे वळलात. "ऐकलं का? स्वतःच्या तोंडानं सांगते. वजन वाढवायला पाणी मारलं."

"म्या नाई मारलं. तुमच्या घरी मारलं."

गर्दीतला एक जण म्हणाला, "घ्या. साहेबाच्या घरी आता कामच नाई उरलं, तिखट भिजवत बसते." लोक हसले.

"आमच्या घरी कशाला मारतील पाणी?" तुम्ही बोलून गेलात, आणि थांबलात. ते थांबणं मी पाहिलं आहे. उत्तर तिथं उभ्या असलेल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तुमच्या तोंडून निघालं असतं तर तुम्हीच कायद्यात सापडला असता. इतका कायदा तुम्ही शिकलात. तो मोडून सुटण्यापुरता.

मथुराबाई बोलली. "आमच्या हातचं होतं म्हनून मारलं. शुद्ध कराले."

हसणं बंद झालं. तेवढ्यात रांगेच्या मधून जमनी आली. तिच्या घागऱ्याच्या कवड्या वाजत होत्या.

"साहेब, माहं तिखट कसं असते?"

"तुझं चांगलं असतं. तुझं नावही कोणी घेतलं नाही. जा, जागेवर बस."

"मांगच्या साली तुमच्या घरी माहंच होतं?"

"होतं."

"बुरसलं?"

"नाही. तेच तर म्हणतो मी, तुझ्या हातचं बुरसलं नाही."

"ते माह्या हातचं नोतं. इनंच कुटलं. म्या तं मुसयाले हात बी नाई लावला. मले शिंका येते."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एका बाईनं तोंडावर हात ठेवला, मग दुसरीनं. सालभर ज्यांनी ज्यांनी जमनीचं तिखट खाल्लं होतं त्यांच्या तोंडाकडे मी पाहत होते. एक म्हातारा म्हणाला, "आता काय, पोट फाडून धुवाचं का?" त्याच्यावरही कोणी हसलं नाही.

जमनीला गप्प राहता आलं असतं. तिची जागा चांगली होती, नाव चांगलं होतं, तुम्ही तिला जा म्हणाला होतात. तिनं आपल्या पोटावर स्वतः पाय दिला. आमच्यासाठी तसं करणारं माणूस आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि तुम्ही काय केलंत? बुद्धी फार तल्लख तुमची. म्हणालात, "म्हणजे दोघी मिळून गावाला फसवत होत्या. नाव एकीचं, माल दुसरीचा." दोघींनाही उठवलंत. मथुराबाई म्हणाली, "पान्याचं बोला." तेव्हा तुम्ही रांगेकडे पाहून विचारलंत, "माझ्या घरच्या माणसानं पाणी टाकताना कोणी पाहिलं का? असेल साक्षीदार तर पुढे या." लिंबाखाली चंदाबाई बसते, बांगडीवाली. ती बांगड्यांचे रंग लावत बसली होती, लावलेलेच परत लावत होती. कोणी पुढे आलं नाही. तुम्ही जिंकलात.

तांड्यात जमनीवर पंचायत बसली. धावजी नायकानं दंड म्हणून साऱ्या तांड्याला जेवण घालायला लावलं. जमनीनं घातलं, आणि भाजीत तिखट मथुराबाईचंच घातलं, सांगून घातलं. माणसं नाक पुसत जेवली. नायकानं भाजी दोनदा मागून घेतली. एवढं झाल्यावरही ती आमच्या घरचं पाणी अजून पीत नाही. मी एकदा टोचून बोलले, तर म्हणाली, "माही सासू लय चिवट हाय वं. म्या काय करू?"

आता आम्ही बाजाराच्या हद्दीबाहेर बसतो, ढाणकीच्या सडकेच्या वळणावर. तिथंही तुम्ही गडी पाठवलात. तो म्हणाला, "उठा इथून, सडक सरकारची हाय." मथुराबाई म्हणाली, "सरकारच्या सडकीवर माह्या नवऱ्यानं गिट्टी फोडली हाय. तुह्या मालकानं काय फोडलं?" तो गेला. पण माणसं येत नव्हती. येत ती भाव विचारून, बाजाराकडे नजर टाकून निघून जात. पहिल्या बाजारी तिखट भरलं तेवढंच घरी नेलं. दुसऱ्याही.

तिसऱ्या बाजारी चंदाबाई आली. डोक्यावर बांगड्यांचं टोपलं. आमच्यासमोर येऊन उभी राहिली, बसेना.

"काय वं, वाट चुकली का?" जमनी म्हणाली.

"मलेबी लिंबाखालून उठवलं."

"तू काय केलं?"

"काई नाई केलं. साहेबाच्या नातीले बांगड्या भराले गेलती. म्हातारी पाहताबरोबर म्हने, तुले साऱ्या गावात माहंच तोंड पाहाले भेटलं होतं का त्या दिवशी? आता या घराची पायरी चढू नको. अन् दुसऱ्या बाजारी लिंबाखाली गेली तं माह्या जागेवर दुसराच बसला होता. म्या तं कोनाजवळ बोलली बी नोती वं. एक शब्द बी नाई."

मथुराबाई सावकाश म्हणाली, "कोन्या दिवशी?"

मग चंदाबाई बसली आणि तिनं सांगितलं. ज्येष्ठातल्या त्या बाजारी तुमच्या आईला घरी जाईपर्यंतही धीर धरवला नाही. लिंबाखाली, चंदाबाईच्या टोपल्यापासून हातभर अंतरावर, तिनं गड्याला गाठोडं सोडायला लावलं आणि लोट्यातलं पाणी ओंजळीनं मारलं. बोटांनी नाही, ओंजळीनं. चंदाबाई म्हणाली होती, "आईसाहेब, तिखट हाय ते." तुमची आई म्हणाली होती, "तुले बांगड्या कळते. आमाले धर्म कळते."

"अन् तवा बाजारात इचारलं, तं तुह्या तोंडात काय होतं? बांगडी?" मथुराबाई म्हणाली.

"साहेबाच्या घरच्या साऱ्या हातात माह्या बांगड्या हायत. होत्या." चंदाबाईनं मान खाली घातली. "भेव लागलं."

मथुराबाईनं तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं आपलं टोपलं बाजूला ओढलं आणि चंदाबाईला मधे जागा करून दिली. त्या दिवशी बांगड्या भरायला ज्या बाया सडकेपर्यंत चालत आल्या, त्यांतल्या काहींनी जाताना तिखट नेलं. लोटा एकीच्याही हातात नव्हता.

तर आता मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही साक्षीदार मागितला होता. साक्षीदार आहे. आणि तिनं पाहिलं हे तुमच्या घराला आधीपासून ठाऊक होतं, नाहीतर जी बाई कोणाजवळ एक शब्द बोलली नाही तिला तुमच्या आईनं पायरीवरून हाकललं नसतं. म्हणजे त्या दिवशी रांगेकडे तोंड करून तुम्ही साक्षीदार विचारलात, तेव्हा तो कुठं बसला आहे आणि तो बोलणार नाही, दोन्ही ओळखून विचारलंत.

चंदाबाई येत्या बाजारी तुमच्यासमोर उभी राहणार आहे. जमनी उभी राहील. मी उभी राहीन. मथुराबाईला तुमची दया नको, मेहेरबानीची जागाही नको. तिला रांगेत जागा पाहिजे, स्वतःच्या नावानं, सांडपाण्यापासून दूर. पण ती नंतर. आधी उत्तर. आईला विचारून या हवं तर. म्हातारी खोटं बोलणार नाही, तिला आपण केलं त्याची लाज वाटत नाही, लाज तुम्हाला वाटते.

तिथं बाजारात, सगळ्यांच्या देखत सांगा. मथुराबाईच्या तिखटावर पाणी कोणी मारलं? आणि कशासाठी मारलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती एकदा देऊन चुकली आहे. आता ते तुमच्या तोंडून पाहिजे. बोला.